भरती, निवड आणि शिक्षण : विनयातील उपसंपदेपासून बारामतीच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत

एखाद्या संघटनेत माणसे कोठून व कशी घ्यावीत, आलेल्यांपैकी कोणास स्वीकारावे आणि स्वीकारलेल्यास कामात कसे तयार करावे, या तीन प्रश्नांना आज भरती, निवड व प्रशिक्षण अशी नावे मिळालेली आहेत. व्यवस्थापनाची पाठ्यपुस्तके या विषयाचा इतिहास बहुधा पश्चिमेकडून सुरू करतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांच्या शिफारशीने होणाऱ्या नेमणुका मोडून १८५५ मध्ये सनदी सेवेसाठी खुली स्पर्धापरीक्षा सुरू झाली. १९११ मध्ये फ्रेडरिक टेलर याने कामगाराची शास्त्रीय निवड व शिक्षण हे मालकाचे कर्तव्य आहे, असा सिद्धान्त मांडला. हे टप्पे महत्त्वाचे आहेत, यात शंका नाही. परंतु या प्रश्नांचा विचार त्यांच्यापूर्वी कित्येक शतके भारतातील एका संघटनेने केला होता आणि तो लिखित नियमांच्या रूपाने आपल्या हाती आहे. ती संघटना म्हणजे भगवान बुद्धांचा भिक्खुसंघ आणि ते नियम म्हणजे विनयपिटक होय.

येथे आरंभीच एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. भिक्खुसंघ म्हणजे कारखाना नव्हे आणि उपसंपदा म्हणजे नोकरी नव्हे. संघात वेतन नव्हते, नफा नव्हता. तरीही अनोळखी माणसाला संघटनेत घेताना त्यास काय विचारावे आणि काय विचारू नये, निर्णय कोणी घ्यावा आणि नवागताच्या शिक्षणाचा भार कोणी उचलावा, हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत. बारामती व इंदापूर तालुक्यांतील बौद्ध वस्त्यांमधून दररोज सकाळी एमआयडीसीकडे जाणाऱ्या तरुणांच्या दृष्टीने हे प्रश्न केवळ विद्वत्तेचे नाहीत. म्हणूनच त्यांचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे.

१. उपसंपदा : निवडपद्धतीचा विकास

महावग्गाचा पहिला खंधक वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. उपसंपदेचा विधी एकदम तयार झालेला नाही. अनुभव येत गेला तसतसा तो बदलत गेला. आरंभी तथागत स्वतःच 'एहि भिक्खु' या शब्दांनी प्रव्रज्या देत. पुढे दूरदूरच्या प्रदेशांतून इच्छुकांना बुद्धांपर्यंत आणताना भिक्खू आणि इच्छुक दोघेही थकून जात, हे पाहून त्यांनी भिक्खूंनाच त्रिसरणाच्या आधारे दीक्षा देण्याची अनुज्ञा दिली. आजच्या भाषेत सांगायचे तर भरतीचा अधिकार केंद्राकडून स्थानिक पातळीवर आला.

परंतु अधिकार व्यक्तीच्या हाती आला की व्यक्तीची आवडनिवडही त्यात शिरते. राध नावाच्या ब्राह्मणाची कथा येथे महत्त्वाची आहे. त्यास दीक्षा देण्यास एकही भिक्खू तयार होईना. तो खंगत गेला, निस्तेज झाला. भगवंतांनी विचारले, या माणसाने केलेला एखादा उपकार कोणास आठवतो काय? तेव्हा सारिपुत्त म्हणाले की, राजगृहात भिक्षाटन करीत असताना याने मला पळीभर भिक्षा वाढली होती. भगवंतांनी सारिपुत्तांच्या कृतज्ञतेची प्रशंसा केली आणि राधला उपसंपदा देण्यास सांगितले. त्याच वेळी त्रिसरणाची जुनी पद्धत बंद करून 'ञत्तिचतुत्थ कम्म' ही नवी पद्धत घालून दिली. संघापुढे एकदा प्रस्ताव मांडावा, त्याची तीनदा घोषणा करावी. ज्यास मान्य असेल त्याने मौन पाळावे, ज्यास अमान्य असेल त्याने बोलावे. अशा रीतीने निवड ही एका माणसाच्या मर्जीची गोष्ट न राहता सर्वांसमक्ष होणारा सामूहिक निर्णय झाली. ज्याला कोणाचा वशिला नाही, अशा माणसाच्या निमित्ताने हा नियम झाला, हे विसरता कामा नये.

उपसंपदेपूर्वी उमेदवारास विचारावयाच्या प्रश्नांना 'अंतरायिक धम्म' म्हणतात. कुष्ठ, गंड, किलास, क्षय व अपस्मार यांपैकी व्याधी आहे काय? तू मनुष्य आहेस काय? पुरुष आहेस काय? स्वतंत्र आहेस काय? ऋणमुक्त आहेस काय? राजाच्या नोकरीत तर नाहीस ना? आईवडिलांची अनुमती आहे काय? वीस वर्षे पूर्ण आहेत काय? पात्र व चीवर आहे काय? तुझे नाव काय? तुझ्या उपज्झायाचे नाव काय? येथे ही यादी संपते.

या यादीत जात विचारलेली नाही. गोत्र, पित्याचा व्यवसाय, कोणत्या गावचा, कोणत्या आळीचा, यांपैकी काहीही विचारलेले नाही. ज्या समाजात माणसाची ओळख जातीपासूनच सुरू होत असे, त्या समाजातील ही प्रश्नावली आहे. तेव्हा जातीचा प्रश्न नजरचुकीने राहून गेला, असे म्हणता येत नाही. विनयात गोत्राचा उल्लेख येतो तो अन्य कारणाने. महाकस्सप थेरांच्या शिष्याच्या उपसंपदेच्या वेळी आनंदांना गुरुस्थानी असलेल्या थेरांचे नाव उच्चारणे जड गेले, तेव्हा उपज्झायाचा उल्लेख गोत्राने करण्याची मुभा मिळाली. म्हणजे गोत्र आले ते गुरूविषयीच्या आदरापोटी. उमेदवाराच्या तपासणीत त्यास स्थान नाही.

ही पद्धत सर्वस्वी निर्दोष होती, असे मात्र म्हणता येणार नाही. दास, ऋणको आणि राजाचे सैनिक यांना संघाचे दार बंद होते. मगधराज बिंबिसाराचे सैनिक सेना सोडून संघात येऊ लागल्यामुळे शेवटचा नियम झाला, असे महावग्गातच सांगितले आहे. रोगी व अपंग यांना वगळणारे नियमही आहेत. तत्कालीन राजसत्ता व मालकवर्ग यांच्याशी संघाने केलेली ही तडजोड होती. इतिहासाच्या अभ्यासकाने ती लपवू नये. परंतु त्याबरोबर हेही ध्यानात घ्यावे की, या सर्व अटी माणसाच्या स्थितीविषयीच्या आहेत. दास मुक्त होऊ शकतो, ऋण फिटू शकते. जात मात्र बदलता येत नाही, आणि तिचीच अट येथे नाही.

जात न विचारणे एवढ्यावर विनय थांबत नाही. चुल्लवग्गात अनुरुद्ध, भद्दिय, आनंद आदी सहा कुलीन तरुण उपाली या न्हाव्यासह प्रव्रज्येसाठी आले, तेव्हा शाक्यांनी स्वतःच विनंती केली की, आम्ही अभिमानी आहोत, म्हणून उपालीस आधी दीक्षा द्यावी. म्हणजे त्यास वंदन करणे आम्हास भाग पडेल. संघातील ज्येष्ठता प्रवेशाच्या क्रमाने ठरत असल्यामुळे कालपर्यंतचा सेवक कायमचा ज्येष्ठ झाला. पुढे पहिल्या संगीतीत विनयाविषयीचे प्रश्न याच उपालींना विचारले गेले. तसेच पाचित्तिय विभागातील दुसऱ्या नियमानुसार एखाद्या भिक्खूस जात, गोत्र, काम किंवा कारागिरी यांवरून हिणवणे हा दोष ठरविण्यात आला. निवड झाल्यानंतर कामाच्या जागी होणारा अपमान हाही संघटनेने रोखावयाचा असतो, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते.

२. संकोच, पात्रता आणि प्रदेश

महावग्गातील आणखी दोन प्रसंग आजच्या मुलाखतीच्या संदर्भात वाचण्यासारखे आहेत. पहिला प्रसंग असा. संघाच्या मध्यभागी उभे करून एकदम प्रश्न विचारले असता उमेदवार गोंधळत, लाजत आणि त्यांना उत्तर देता येत नसे. यावर भगवंतांनी त्यांना अपात्र ठरविले नाही. त्यांनी सांगितले की, आधी उमेदवारास एका बाजूस नेऊन कोणते प्रश्न विचारले जातील ते समजावून द्यावे आणि मगच संघात विचारावे. समजावून सांगणारा भिक्खूही सक्षम असावा आणि त्याची नेमणूक संघाने करावी. उत्तर न येणे आणि योग्यता नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद येथे केलेला आहे.

दुसरा प्रसंग सोण कुटिकण्ण यांचा. ते अवंतीचे. तेथे महाकच्चान थेरांना उपसंपदेसाठी आवश्यक असलेले दहा भिक्खू एकत्र आणण्यास तीन वर्षे लागली. ही अडचण भगवंतांच्या कानी घातली गेली, तेव्हा अवंती-दक्षिणापथासारख्या सीमावर्ती प्रदेशांत विनयधरासह पाच भिक्खूंचा गण पुरेसा मानण्यात आला. नियम मध्यदेशाच्या सोयीने केलेला असेल आणि त्यामुळे दूरच्या प्रदेशातील पात्र माणूस बाहेर राहत असेल, तर दोष त्या माणसाचा नसून नियमाचा असतो. आपण ज्या दख्खनमध्ये राहतो तो दक्षिणापथातच मोडतो, हे वाचकांना सांगावयास नको.

३. शिक्षणाचा भार कोणावर?

प्रवेश देऊन संघाची जबाबदारी संपत नसे. आरंभीच्या काळात कोणीही मार्गदर्शक नसलेले नवे भिक्खू अस्ताव्यस्त वस्त्रे नेसून, गोंगाट करीत भिक्षेस जात आणि लोक त्यांना नावे ठेवीत. त्यावर उपाय म्हणून शिक्षेचा नियम न करता उपज्झायाची व्यवस्था करण्यात आली. उपज्झायाने सद्धिविहारिकाकडे पुत्राच्या भावनेने पाहावे आणि सद्धिविहारिकाने उपज्झायाकडे पित्याच्या भावनेने. दोघांचीही कर्तव्ये सविस्तर सांगितली आहेत. शिष्य आजारी पडला तर गुरूने त्याची शुश्रूषा करावी, त्यास पात्र-चीवर नसेल तर ते मिळवून द्यावे, असे त्यात आहे. नवागताने निदान पाच वर्षे कोणाच्या तरी आश्रयाने, म्हणजे 'निस्सया'ने, राहावे आणि अकुशल असेल तर अधिक काळ राहावे, असा नियम झाला.

शिकविणाऱ्यालाही पात्रतेची अट होती. उपसेन वंगंतपुत्त हे स्वतः एकाच वर्षावासाचे भिक्खू असताना त्यांनी शिष्य केला. भगवंतांनी त्यांना खडसावले आणि दहा वर्षे पूर्ण झालेल्या, जाणत्या व समर्थ भिक्खूनेच उपसंपदा द्यावी असे ठरविले. केवळ दहा वर्षे भरली म्हणून अजाण माणसे शिष्य करू लागली, तेव्हा 'जाणता व समर्थ' हे शब्द त्यासाठीच जोडावे लागले. ज्येष्ठता म्हणजे कौशल्य नव्हे, हा धडा आजही अनेक कारखान्यांना शिकावयाचा आहे.

धंदेशिक्षणाचेही उल्लेख तिपिटकात विपुल आहेत. सतिपट्ठान सुत्तात श्वासाच्या निरीक्षणाला दिलेली उपमा कुशल 'भमकारा'ची किंवा त्याच्या 'अंतेवासी'ची आहे. भमकार म्हणजे लाकूड कातणारा कारागीर आणि भमकारंतेवासी म्हणजे त्याच्याजवळ राहून शिकणारा उमेदवार. आजच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत टर्नरचा अभ्यासक्रम करणारा मुलगा याच परंपरेतला आहे. लांब कात घेताना लांब, आखूड घेताना आखूड हे जाणणे ही जी सावधानता, तिचे उदाहरण देण्यासाठी भगवंतांनी एका शिकाऊ कामगाराची निवड केली. हाताच्या कामाविषयीचा हा आदर वर्णव्यवस्थेच्या ग्रंथांत सापडणे कठीण आहे.

जीवकाची कथा सर्वपरिचित आहे. उकिरड्यावर टाकलेले ते मूल. एखादी विद्या हाती असल्याखेरीज राजकुलात निभाव लागणार नाही, हे ओळखून ते तक्षशिलेस गेले. सात वर्षांनंतर आचार्यांनी परीक्षा घेतली ती प्रत्यक्ष कामाची. नगराभोवती योजनभर फिरून औषध नसलेली वनस्पती आणावयाची होती. जीवक रिकाम्या हाताने परतला, कारण तशी वनस्पती त्यास दिसलीच नाही. हेच त्याच्या उत्तीर्णतेचे प्रमाण ठरले.

४. निवडणाऱ्याची निवड : चार अगति

संघात निरनिराळ्या कामांसाठी अधिकारी नेमले जात. शयनासनांचे वाटप, भोजनाचे नियोजन, चीवरांचा स्वीकार, भांडारगृहाची राखण अशी ही कामे होती. या पदांसाठी पाच गुण सांगितलेले आहेत. पहिले चार असे की, तो छंदाने, द्वेषाने, मोहाने किंवा भयाने चुकीच्या मार्गाला जाणारा नसावा. पाचवा असा की, त्यास आपले काम कळत असावे. या चार वाकड्या वाटांना 'अगति' म्हणतात. सिगालोवाद सुत्तात गृहस्थालाही याच चार अगतींविषयी सावध केलेले आहे. त्याच सुत्तात मालकाची सेवकाविषयीची कर्तव्येही येतात : शक्तीनुसार काम, अन्न व वेतन, आजारपणात शुश्रूषा, गोडधोडात वाटा आणि वेळेवर सुट्टी.

क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी निःपक्षपातीपणा आणि नंतर कामाचे ज्ञान. ज्याच्या हाती माणसांची निवड आहे तो पक्षपाती असेल, तर त्याचे ज्ञान अन्यायाच्याच उपयोगी पडते. महाराष्ट्रातील भरतीचा अर्वाचीन इतिहास या चार अगतींच्या आधारे वाचला, तर तो अधिक स्पष्ट होतो.

५. महाराष्ट्र : जन्म हीच भरती

आपल्या खेड्यांत भरतीची एकच पद्धत शतकानुशतके होती, आणि ती म्हणजे जन्म. महारवतनात माणसाला कोणी विचारले नाही की तुला हे काम हवे काय, आणि त्यास कोणी शिकविलेही नाही. रात्री-अपरात्री निरोप पोचविणे, सरकारी कामगारांच्या दिमतीस राहणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे त्याच्या वाट्याला आली. यात निवड नव्हती आणि नकार देण्याचा अधिकारही नव्हता. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

गावाबाहेर पडण्याची एक वाट लष्कराची होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढाऊ जाती'च्या सिद्धान्ताने तीही बंद झाली. ज्यांच्या पूर्वजांनी रणात शौर्य गाजविले होते ते एका प्रशासकीय निर्णयाने अपात्र ठरले. ही मोहाची, म्हणजे अज्ञानाची अगति होय. गोपाळबाबा वलंगकर यांनी याविरुद्ध अर्ज केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ मध्ये सासवड येथे एक्कावन्न गावांतील महारांची सभा घेतली आणि १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठविले. सासवड ते बारामती हे अंतर फारसे नाही. भरतीच्या हक्काची मागणी या परिसरातूनच संघटित झाली, हे आपल्या तरुणांना ठाऊक असावे. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडण्यात आली. महार रेजिमेंटची स्थापना व्हावयास १ ऑक्टोबर १९४१ पर्यंत वाट पाहावी लागली.

दुसरी वाट मुंबईच्या गिरण्यांची. तेथे भरती जॉबरच्या हाती होती. जॉबर आपल्या गावचा, आपल्या जातीचा, आपल्याला दस्तुरी देणारा माणूस घेई. ही छंदाची अगति. विणकाम खात्यात मजुरी अधिक होती, पण तेथे अस्पृश्यांना मज्जाव होता. कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा इतर कामगारांना चालत नसे. ही द्वेषाची अगति. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगारांच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. १९२९ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात जॉबरकडून भरतीचा अधिकार काढून घेण्याची आणि मजूर-अधिकारी नेमण्याची शिफारस केली. परंतु जातीची भिंत केवळ जॉबरने बांधलेली नव्हती. ती कामगारांच्या मनातही होती.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे सांगितले. हे सर्वांना माहीत आहे. पण त्याच भाषणात त्यांनी दिलेला तपशील सहसा कोणी सांगत नाही. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्यास पोर्टरचे काम मिळत नाही, कारण स्टेशन मास्तराला पोर्टरकडून घरकाम करून घ्यावयाचे असते आणि अस्पृश्य घरात चालत नाही. जाहिरातीत कोठेही न लिहिलेली ही पात्रतेची अट होती. अशा अलिखित अटी ओळखणे हेच अभ्यासकाचे काम आहे.

६. मजूरमंत्री डॉ. आंबेडकर

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी व्हाइसरॉयना सादर केलेल्या निवेदनात सरकारी नोकऱ्यांतील प्रमाण, उच्च शिक्षण आणि तांत्रिक शिक्षणाच्या सोयी या मागण्या एकत्र मांडलेल्या आहेत. १९४३ मध्ये केंद्रीय सेवांच्या भरतीत अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के जागा राखण्याचा आदेश निघाला आणि १९४६ मध्ये हे प्रमाण १२½ टक्के करण्यात आले. त्यांच्याच खात्याच्या कक्षेत युद्धकालीन तांत्रिक प्रशिक्षणाची योजना होती. १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन होऊन सेवायोजन कार्यालयांचा पाया घातला गेला. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी सुरू झालेली ही कार्यालये १९४८ पासून सर्वांना खुली झाली.

या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या म्हणजे त्यांमागील विचार कळतो. सेवायोजन कार्यालय म्हणजे जॉबरविना भरती. राखीव जागा म्हणजे द्वेष व पक्षपात यांना निवडीत घातलेला बांध. तांत्रिक शिक्षण म्हणजे पात्रता घडविण्याची समाजाने उचललेली जबाबदारी. तिहींपैकी एक जरी नसले तरी उरलेली दोन लंगडी पडतात.

या रचनेत आपल्यापुढे एक विशेष अडचण उभी राहिली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध म्हणून नोंद करणाऱ्यास केंद्रीय सेवांतील सवलतींना मुकावे लागे. अनुसूचित जातींविषयीच्या घटनात्मक आदेशात १९९० मध्ये दुरुस्ती होईपर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, ही स्थिती राहिली. भरतीच्या अर्जातील एका रकान्यासाठी माणसाला आपला धम्म लपवावा लागणे ही भयाची अगति होती. फरक एवढाच की हे भय निवडणाऱ्याच्या मनात नसून उमेदवाराच्या मनात उत्पन्न केलेले होते.

७. बारामती आणि इंदापूर

१८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि या दुष्काळी टापूचे रूप पालटले. ऊस आला, उसामागोमाग साखर कारखाने आले. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले. पाण्याबरोबर कामही आले, परंतु ते ज्याच्याजवळ जमीन होती त्याच्या सोयीने. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. कालांतराने बारामतीलगत औद्योगिक वसाहत वाढली, इंदापूर तालुक्यातही लोणी देवकर येथे वसाहत झाली. पियाजिओचा वाहननिर्मितीचा कारखाना १९९० च्या दशकाच्या अखेरीस, तर फेरेरोचा मिठाईचा कारखाना २०११ मध्ये आला. दुग्धप्रक्रिया, पोलाद व वस्त्रोद्योगही येथे आहेत. वस्त्रोद्योग संकुलात आसपासच्या खेड्यांतील स्त्रिया मोठ्या संख्येने काम करतात. मार्च २०२४ मध्ये बारामतीतच विभागीय पातळीवरील नमो महारोजगार मेळावा भरविण्यात आला.

अशा वसाहतींत आज प्रवेशाचे सामान्यतः तीन मार्ग दिसतात. पहिला कायम नोकरीचा. यात लेखी चाचणी, मुलाखत व वैद्यकीय तपासणी असते. दुसरा शिकाऊ उमेदवारीचा. तिसरा कंत्राटदाराचा. यांपैकी तिसरा मार्ग सर्वांत रुंद आहे आणि त्यावर नियमांचा उजेड सर्वांत कमी पडतो. जुन्या गिरणीतील जॉबर गेला, पण ओळखीने माणूस लावण्याची त्याची पद्धत गेली असे म्हणणे धाडसाचे होईल. ज्याच्या नात्यात कंत्राटदार नाही, ज्याच्या वस्तीत आधी कामास लागलेला कोणी नाही, त्याच्यापर्यंत रिकाम्या जागेची बातमीच पोचत नाही. येथे त्यास कोणी नाकारलेले नसते. तो स्पर्धेत कधी आलेलाच नसतो.

मुलाखतीपर्यंत पोचलेल्याचे काय? सुखदेव थोरात व पॉल अटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे उपयोगी आहे. त्यांनी इंग्रजी वृत्तपत्रांतील खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविले. पात्रता सारखी, फक्त आडनावे वेगळी. उच्चवर्णीय हिंदू आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या उमेदवाराला पुढील फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश भरली आणि मुस्लिम नावाची तर सुमारे एक-तृतीयांश. त्याच वर्षी सुरिंदर जोधका व कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील कंपन्यांच्या भरती-अधिकाऱ्यांशी बोलून दाखवून दिले की, जात आम्ही पाहत नाही असे सांगणारे अधिकारीही उमेदवारास 'कौटुंबिक पार्श्वभूमी' आवर्जून विचारतात. वडील काय करतात, भावंडे किती शिकली, घर कोठे आहे.

हे अभ्यास बारामतीतील नाहीत आणि त्यांचे निष्कर्ष येथील कोणत्याही कारखान्यावर लादणे योग्य होणार नाही. परंतु वडील काय करतात हा प्रश्न महाराष्ट्राला अपरिचित आहे, असे कोण म्हणेल? अंतरायिक धम्मांच्या यादीत हा प्रश्न नाही. आईवडिलांची अनुमती विचारली आहे, त्यांचा धंदा विचारलेला नाही. दोन प्रश्नावल्यांमधील हे अंतर कित्येक शतकांचे आहे, आणि या बाबतीत पुढे असलेली प्रश्नावली जुनी आहे.

८. आपल्या हाती काय आहे?

खाजगी उद्योगांतील नोकरीला राखीव जागांचे संरक्षण नाही. २००६ नंतर उद्योगसंघटनांनी स्वीकारलेल्या आचारसंहिता ऐच्छिक आहेत. परंतु एक दार कायद्याने उघडे आहे आणि त्याची माहिती आपल्या वस्त्यांत फार थोड्यांना असते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ मध्ये दुरुस्ती होऊन ठरविलेल्या व्यवसायांत अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखण्याचे बंधन मालकावर घालण्यात आले. हे बंधन खाजगी कारखान्यांनाही लागू आहे. शिकाऊ मुदत संपल्यावर नोकरी देणे मालकावर सरसकट बंधनकारक नाही, हे खरे. तरी प्रत्यक्ष यंत्रावर घेतलेले शिक्षण आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र ही शिदोरी कोणी काढून घेऊ शकत नाही. बारामती व इंदापूर येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणाऱ्या आपल्या मुलामुलींनी या जागांची माहिती काढली पाहिजे, आणि त्या जागा भरल्या जातात की नाही, हे संघटनांनी विचारले पाहिजे.

विहारांनाही येथे कार्य आहे. संघाने गोंधळलेल्या उमेदवारास एका बाजूस नेऊन प्रश्न समजावून देण्यासाठी सक्षम माणूस नेमला, तसे प्रत्येक विहाराला करता येईल. वस्तीतील निवृत्त फिटर, बँकेतील कर्मचारी, शिक्षिका, परिचारिका यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ विहारात बसून अर्ज कसा लिहावा, चाचणीत काय विचारतात, वेतनपत्रक कसे वाचावे, भविष्यनिर्वाह निधीची नोंद कशी तपासावी हे सांगितले, तर ते उपज्झायाचेच कार्य होईल. रिकाम्या जागांचे फलक विहाराच्या भिंतीवर लागले, तर ओळखीवाचून बातमी पोचेल. यास मोठा निधी लागत नाही. जो आधी पोचला त्याने मागच्याचा हात धरण्याची तयारी मात्र लागते. सारिपुत्तांनी पळीभर भिक्षेची आठवण ठेवली. आपल्या शिक्षित वर्गावर समाजाचे ऋण त्याहून पुष्कळ मोठे आहे.

आपल्यातील जे आज पर्यवेक्षक, व्यवस्थापक किंवा कंत्राटदार झाले आहेत, त्यांनाही हाच कस लागू आहे. आपल्या माणसावर अन्याय होऊ न देणे हे कर्तव्य आहे, पण केवळ आपला म्हणून अपात्र माणूस घेणे ही छंदाचीच अगति होय. राध ब्राह्मण होता आणि त्यास नाकारले जात होते. भगवंतांनी त्यालाही न्याय दिला, हे विसरून चालणार नाही.

सारांश, विनयातील निवडपद्धतीचे सार चार गोष्टींत सांगता येते. प्रश्न कामापुरते असावेत आणि जन्माविषयी नसावेत. निर्णय सर्वांसमक्ष व्हावा. निवडणारा चार अगतींपासून मुक्त असावा. ज्याने स्वीकारले त्याने शिकवावे. गिरणीतील जॉबरच्या काळात यांपैकी एकही गोष्ट नव्हती. बाबासाहेबांनी मजूर खात्यात असताना जी रचना उभारली तिचा रोख याच गोष्टींकडे होता. आज औद्योगिक वसाहतीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या तरुणाला त्या कितपत लाभतात, हे त्या त्या कारखान्याच्या भरतीच्या कागदांवरून तपासता येईल. तपासण्याचे हे काम अभ्यासकांचे आहे, कामगार संघटनांचे आहे आणि विहारांचेही आहे.